खजुराच्या बियेतील धागा



रोजा सोडताना खजूर खाऊन आपण त्याची बी बाजूला ठेवतो. ती एकदा निरखून पाहा. तिच्या एका अंगास उभी खाच असते आणि त्या खाचेत अत्यंत बारीक असा धागा असतो. अरबी भाषेत त्यास ‘फतील’ म्हणतात. बियेच्या पाठीवरील इवलासा ठिपका म्हणजे ‘नकीर’ आणि तिच्यावरील तलम पापुद्रा म्हणजे ‘कित्मीर’. अतिशय क्षुल्लक वस्तू सांगावयाची झाल्यास अरब लोक हेच शब्द योजीत.

कुरआनने हीच मापे न्यायाच्या तराजूत ठेवली. सूरह अन्-निसाच्या आयत ४९ व ७७ मध्ये आणि सूरह बनी इस्राईलच्या आयत ७१ मध्ये ग्वाही आहे की, कोणावरही फतीलइतकादेखील अन्याय होणार नाही. सत्कर्म करणारा श्रद्धावान पुरुष असो वा स्त्री, त्याचे नकीरएवढेही बुडणार नाही, असे अन्-निसाचीच आयत १२४ सांगते. आणि सूरह फातिरच्या आयत १३ नुसार, अल्लाहखेरीज ज्यांना हाक मारली जाते, ते कित्मीरचेही मालक नाहीत.

विचार करा. सर्व सृष्टीचा स्वामी एका धाग्याचाही अन्याय करीत नाही. मग ज्याची मालकी पापुद्र्याएवढीही खरी नाही, त्या माणसाने दुसऱ्याचा हक्क कोणत्या अधिकाराने दाबावा?

याच सूरह अन्-निसाच्या आयत ७ मध्ये आई-वडिलांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा पुष्कळ, स्त्रीचाही वाटा निश्चित केला आहे. तरी वडिलांच्या निधनानंतर कित्येक घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच आहे,’ असे तिला ऐकविले जाते. माहेर तुटेल या धास्तीने ती मुकाट्याने सही करते आणि भाऊ त्यास तिची संमती समजतो. दडपणाखाली मिळालेली संमती ही संमती नव्हे. प्रथम तिचा वाटा मोजून तिच्या ताब्यात द्या. त्यानंतर तिने स्वखुशीने काही दिले, तर ती तिची देणगी ठरेल. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे.

पुढच्या वेळी खजुराची बी हाती येईल, तेव्हा तो धागा पाहा आणि स्वतःस विचारा: माझ्याकडे कोणाचा एवढासा तरी हक्क अडकला आहे काय?

अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.