हळू झिजणारी जमीन, घाईत खचणारा किनारा

जमीन झिजते हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. ती किती वेगानं झिजते आणि कुणामुळे, याबद्दलची समज मात्र गेल्या सव्वादोनशे वर्षांत बरीच बदलली. दऱ्याखोरी महापुरात एका फटक्यात कोरली गेली, असं युरोपात मानलं जाई. स्कॉटलंडच्या जेम्स हटननं १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगळं मांडलं: रोजचा पाऊस आणि रोजची नदी डोंगर झिजवायला पुरेशी आहे, फक्त काळ अफाट हवा.

या अफाट काळाचा पुरावा तामिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आहे. कोसस्थलैयार नदीजवळ अत्तिरमपक्कम इथं रॉबर्ट ब्रूस फूट आणि विल्यम किंग या भूवैज्ञानिकांना १८६३ मध्ये दगडी हत्यारं सापडली. पावसानं पाडलेल्या घळींनी ती उघडी केली होती. इथल्या सर्वात जुन्या हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं असल्याचं शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं. झीज इथं उपकारकर्ती ठरली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण धूप मुळात कशी सुरू होते? वाहतं पाणीच माती खरवडून नेतं, अशी बराच काळ समजूत होती. अमेरिकेतल्या डब्ल्यू. डी. एलिसन यांनी १९४४ मध्ये लक्ष वेधलं ते थेंबाकडे. मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगानं आपटतो, मातीची ढेकळं फोडतो, कण उडवतो; वाहतं पाणी नंतर ते उचलतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जोरदार सरीनंतर याच जिल्ह्यातल्या, चेन्नईच्या उत्तरेच्या गुम्मिडिपूंडीकडच्या एखाद्या उघड्या, तांबड्या माळावर वाकून पाहावं. बारीक खडे मातीच्या छोट्या खांबांवर उभे दिसतात. खड्याखालची माती वाचली, भोवतालची गेली. गवत असतं तर बरीचशी वाचली असती.

ही माती नि वाळू नदीवाटे समुद्राकडे निघते. मात्र त्याच १९४४ साली कोसस्थलैयारवर पूंडीचा जलाशय झाला. चेन्नईला पाणी मिळालं, ते हवंच होतं. पण किनाऱ्याची काही वाळू धरणात अडकू लागली.

किनाऱ्यावरची अडवणूक त्याहून जुनी. कोरोमंडल किनाऱ्यावर लाटा वर्षाचा बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांत ती उलटी फिरते, तरी एकूण ओढ उत्तरेचीच. १८७६ च्या सुमारास मद्रास बंदराचे दगडी बांध समुद्रात शिरू लागले आणि ही वाट अडली. दक्षिणेला वाळू साचून मरीनाची पुळण रुंदावली. उत्तरेला रोयापुरम, तिरुवोट्टियूर, एन्नोरकडे लाटा तशाच येत राहिल्या, पण नेलेल्या वाळूची भरपाई होईना. मरीनावर संध्याकाळी फिरणाऱ्याच्या पायाखाली उत्तरेच्या कोळीवाड्यांच्या वाट्याची वाळूही आहे. उपाय म्हणून दगडांच्या भिंती आणि आडवे बांध घातले गेले. असा बांध आपल्यापुरता किनारा राखतो, पण त्याच्या पुढच्या टोकाला धूप सरकवतो.

इथंच हटनची शिकवण अर्धीच उरते. झीज संथ असते, निसर्गाची असते, हे अत्तिरमपक्कमला खरं आहे. एन्नोरच्या किनाऱ्याला तेच वाक्य लावलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ‘समुद्रानं जमीन गिळली’ असं म्हणून मोकळं होता येतं. प्रत्यक्षात जमीन गेली ती माणसानं वाळू अडवली म्हणून, आणि एखाद्या आयुष्यात डोळ्यांसमोर गेली.

एन्नोरच्या उत्तरेला आता कट्टुपळ्ळी बंदर आहे. त्याच्या विस्ताराला पुलिकतच्या मच्छीमारांनी विरोध केला. पुलिकत सरोवर आणि समुद्र यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी तुटेल, ही त्यांची भीती. ती मला रास्त वाटते. निदान बंदरांच्या दक्षिणेला साचणारी आणि जहाजांच्या वाटेतून उपसलेली चांगली वाळू उत्तरेच्या किनाऱ्यावर नेऊन टाकायची, दरवर्षी, बंदराच्याच खर्चानं, अशी अट परवान्यातच असायला हवी.