गाठीवरचा मार्का

अकोल्याचे तीन पोट्टे आणि अमरावतीच्या दोन पोरी. पाचही जण एकाच कॉलेजात शिकलेले, आता आपापल्या गावी राहून काम करणारे. कापूस, तूर, सोयाबीनचे तालुकावार बाजारभाव शेतकऱ्याच्या मोबाईलवर दाखवणारं ॲप त्यांनी मिळून करायला घेतलं. अकोला जिल्ह्याचे तालुके 7, अमरावतीचे 14. तालुक्याला रोजची एक फाईल, म्हणजे दिवसाला 21. कोड आणि फायली गिटवर, सगळ्यांच्या सामाईक.

फायलींना नावं कशी द्यायची, हे मात्र कोणी ठरवलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी बैठक कशाला, असं प्रत्येकालाच वाटलं.

अकोलेकरांची नावं कॅपिटल अक्षरानं सुरू होत. मध्ये अंडरस्कोर, पुढे तारीख, तिच्यात आधी दिवस. अमरावतीकरांची सगळी अक्षरं स्मॉल, मध्ये हायफन, तारखेत आधी साल. ॲप सुरू झालं आणि अकोट-बाळापूरचे भाव दिसेनात.

"माह्या कॉम्प्युटरवर तं चालून राह्यलं!" अकोल्याचा एक जण फोनवर म्हणाला.

"मंग काय तुहा कॉम्प्युटर गावोगाव फिरवाचा?" तिकडून उत्तर आलं.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. त्याच्या विंडोजला अक्षर कॅपिटल की स्मॉल, याचं सोयरसुतक नव्हतं. सर्व्हर होता लिनक्सवर. त्याच्या लेखी कोडमधलं स्मॉल अक्षरांतलं नाव आणि फाईलचं कॅपिटल अक्षराचं नाव, ही दोन वेगळी नावं. पोरानं अक्षर दुरुस्त केलं, तर एवढासा बदल त्याच्या विंडोजवरच्या गिटनं हिशेबातच धरला नाही. सर्व्हरवर जुनं नाव तसंच राहिलं.

खरा घोळ पुढेच होता. नावात स्पेस नको म्हणून एकानं तालुक्याच्या नावातला पहिलाच शब्द घेणारा प्रोग्राम लिहिला. अकोला जिल्ह्यात त्यानं काही बिघडलं नाही. अमरावती जिल्ह्यात मात्र चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके. दोन्हींची फाईल 'चांदूर' झाली आणि नंतर आलेली आधीच्या फाईलवर चढली. चांदूर बाजारच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "भाऊ, हा सोयाबीनचा भाव कोन्त्या गावचा हाये? मी इथं गाडी घेऊन उभा हाओ!"

मग भांडण जुंपलं. अमरावतीकर म्हणाल्या, 21 पैकी 14 तालुके आमचे, तेव्हा पद्धत आमची. अकोलेकर म्हणाले, कोडची पहिली ओळ आम्ही लिहिली. शेवटी अकोला आणि अमरावतीच्या मधल्या मूर्तिजापूरला भेटायचं ठरलं. तिथे एकीचे आबाजी राहत. त्यांची उभी हयात जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनिमी करण्यात गेली होती.

चहा होईपर्यंत आबाजींनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाले, "पोट्टेहो, कापसाची गाठ प्रेसमधून निघाली का तिच्यावर प्रेसचा मार्का अन् नंबर पडते. 1925 च्या कायद्यानंच तसं ठरवलं. आता सांगा, मार्का लागते कोणाले? गाठ बांधणाऱ्याले आत काय हाये हे ठाऊकच असते. मार्का लागते गाठ सोडणाऱ्याले. तो बसला दूर मुंबईले. गाठीत ओला कापूस निघाला, तं कोन्त्या प्रेसची, कोन्ती गाठ, हे त्यानं तुम्हाले न इचारता सांगता आलं पाह्यजे."

"पण आबाजी, पद्धत कोणाची घ्यावी?"

"ज्याले कारण हाये ते कारणानं ठरवा. ज्याले नाही, त्याची चिठ्ठी टाका."

तसंच झालं. लिनक्स कॅपिटल-स्मॉल वेगळं मानतं, म्हणून सगळी अक्षरं स्मॉल. साल आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की फायली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात, म्हणून तारीख अमरावतीची. सुरुवातीला जिल्हा आणि मग तालुक्याचं पूर्ण नाव, ही सूचना अकोल्याची. तिवसा रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. त्यासाठी 21 नावांची एक यादी केली, स्पेलिंग तिच्यातलंच घ्यायचं. हायफन की अंडरस्कोर, याला मात्र कोणाकडेच कारण नव्हतं. चिठ्ठी टाकली, हायफन निघाला. हरलेले तक्रार न करता हसले.

नियम एका पानात मावले. ते पान प्रोजेक्टमध्येच ठेवलं, आणि नियमात न बसणारं नाव सामाईक कोडमध्ये शिरण्याआधीच अडवणारी छोटी तपासणी बसवली. आता कोण चुकलं हे माणसानं माणसाला सांगायची वेळच येत नव्हती. पुढे दर्यापूरचा एक नवा मुलगा कामाला आला. त्यानं ते पान वाचलं आणि कोणालाही फोन न करता पहिल्याच दिवशी फायली बिनचूक चढवल्या.

तात्पर्य : नाव देणाऱ्याच्या सोयीचं नसावं, नंतर येऊन शोधणाऱ्याच्या सोयीचं असावं. आणि सामाईक कामात माझी पद्धत चांगली की तुझी, यापेक्षा सगळ्यांची एक पद्धत असणं महत्त्वाचं. ती काम सुरू करण्याआधी ठरवावी आणि लिहून ठेवावी.