आपल्या वाट्याचे छिद्र

'लस घ्यावी की न घ्यावी, हा माझ्या देहाचा प्रश्न आहे' हे वाक्य करोनाच्या काळात आपण अनेकदा ऐकले. कदाचित उच्चारलेही असेल. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लसीकरणाची सक्ती कोणावरही करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते. कायद्यापुरता प्रश्न तेथे मिटला. श्रद्धावंताचा मिटला नाही; त्याच्या लेखी देह ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे.

सहीह बुखारीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला जहाजाचा दृष्टांत आहे. चिठ्ठ्या टाकून काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. पाण्यासाठी खालच्यांना वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको, म्हणून त्यांनी आपल्याच वाट्याच्या तळाला छिद्र पाडण्याचे मनात आणले. त्यांना तसे करू दिले तर सारे बुडतील, हात धरला तर सारे वाचतील. छिद्र पाडू पाहणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे येथे विसरू नये.

करोनाच्या लसीला हा दृष्टांत पुरता लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लस घेतलेल्यालाही संसर्ग होई व त्याच्याकडून तो पसरेही. तिचा मोठा लाभ गंभीर आजार व मृत्यू टाळण्याचा होता. परंतु २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूच्या खाटेसाठी लोक दारोदार फिरले. तेव्हा लस बहुतेकांना मिळालेलीच नव्हती, म्हणून दोष देण्याचे कारण नाही. पण एकाचे आजारपण दुसऱ्याची खाट कशी अडवते, ते आपण डोळ्यांनी पाहिले.

गोवराच्या बाबतीत मात्र दृष्टांत तंतोतंत जुळतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या अनेक वस्त्यांत गोवर पसरला, बालके दगावली. गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधीच्या तान्ह्याचे रक्षण बरेचसे शेजारच्या मुलांनी घेतलेल्या लसीवर अवलंबून असते.

'नशिबात असेल ते होईल' असे म्हणणाऱ्यांसाठी उत्तर जुनेच आहे. शामकडे निघालेले हजरत उमर (र.) तेथे प्लेग पसरल्याचे कळताच माघारी वळले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले. तेव्हा उमर (र.) म्हणाले की, आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, उंट हिरव्या उतारावर चारला काय नि उजाड उतारावर चारला काय, दोन्ही अल्लाहच्याच तकदीरने.

आता वरच्या मजल्यावरच्यांविषयी. हात धरायचा आहे, माणसाला समुद्रात ढकलायचे नाही. लशीविषयी शंका घेणाऱ्यास अडाणी म्हणणे सोपे असते. पण लस टोचल्यावर बाळाला ताप येईल, मग उद्याचीही मजुरी बुडेल, या धास्तीने एखादी आई केंद्राच्या दारातून परत फिरते, तेव्हा तिला पाणी वर येऊनच न्यावे लागत आहे. तिच्या बाळाला एक दिवस आपल्या घरी सांभाळण्याची तयारी आपल्यापैकी कितीजणांची आहे?