ठ ठशाचा

भेंडी आडवी चिरली की आत फूल दिसतं, हे आपल्याकडच्या कितीतरी मुलांना स्वयंपाकघरात नव्हे, चित्रकलेच्या तासाला कळतं. भेंडी रंगात टेकवा, कागदावर उठवा, किनार तयार. माझी तक्रार एवढीच, की शाळेतलं ठसेकाम बहुधा तिथेच थांबतं. ते फूल निसर्गानेच कोरलेलं. मुलाने त्यात काही ठरवलेलं नसतं.

बटाटा दिला की ठरवावं लागतं. अर्धा कापायचा, फडक्याने टिपून घ्यायचा (ओला राहिला तर रंग फुटतो) आणि बोथट चमच्याने कोरायचा. चित्र काढताना मूल हवं ते रेखाटतं. इथे नको ते काढून टाकायचं असतं. खरवडलं ते कागदावर कोरं राहतं, राखलं ते रंग धरतं. सिंधू संस्कृतीच्या शंखजिऱ्याच्या मुद्रांचा न्याय याच्या नेमका उलट: मऊ मातीवर मुद्रा दाबली की खोदलेला एकशिंगी प्राणी वर उठून येई. शाई आली आणि खोदलेल्या जागेच्या वाट्याला कोरेपण आलं. पुढे आपल्या दफ्तरांत पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपल्यावर मोर्तब उठू लागलं. ‘शिक्कामोर्तब’ म्हणताना आपण दोन ठशांची नावं एका दमात घेतो, हे आता कुणाच्या ध्यानातही नसतं.

सामानासाठी अडायचं कारण नाही. जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवा, झिजलेल्या रबरी चपलेचा तळ कापा, काडेपेटीला सुतळी गुंडाळा. दाबयंत्राऐवजी कागदाच्या पाठीवरून वाटीचं बूड घासलं तरी चालतं. यात कमीपणा मानू नये. लिनोलियम म्हणजे तरी काय? जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांपासून केलेलं, घरात जमिनीवर अंथरायचं आवरण. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी ते मुलांच्या हाती कोरायला दिलं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांनी 1930 साली त्यावरच दांडीच्या वाटेवरचे काठीधारी गांधीजी कोरले. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या वाचनपाठासाठी त्यांनी केलेली चित्रंही लिनोचीच. अंथरायच्या वस्तूवर देशाची एक अजरामर प्रतिमा उमटली!

शिक्षकांना एक विनंती. मुलांना बटाट्यावर आपापल्या नावाचं पहिलं अक्षर कोरू द्या, आणि ते उलटं उमटेल हे आधी सांगू नका. ‘क’ चुकेल, ‘स’ चुकेल, दोघंतिघं रडकुंडीला येतील. मग दुसरा बटाटा द्या. या वेळी अक्षर आरशात पाहून कोरतील. त्या वर्गात एखादा ठकसेन असला तर तो मात्र पहिल्याच बटाट्यात सुटेल. अंकलिपीत ठशाला दिलेला ‘ठ’ उलटा कोरला काय नि सुलटा, कागदावर ‘ठ’च उमटतो.