नव्या वर्षाचा करार

वर्ष बदलते ते माणसाच्या हिशेबात. निसर्गाला त्याची वार्ताही नसते. 31 डिसेंबरची पहाट आणि 1 जानेवारीची पहाट यांत सूर्य कोणताही भेद करीत नाही. मराठी माणसाची तर वर्षे अनेक. पंचांगाचे वर्ष चैत्रातल्या पाडव्याला उघडते, व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीच्या पाडव्याला पुजली जाते, सरकारी जमाखर्च 1 एप्रिलला सुरू होतो आणि भिंतीवरचे कॅलेंडर 1 जानेवारीला बदलते. ज्या इंग्लंडकडून ही शेवटची तारीख आपल्याकडे आली, तेथेही 1752 पूर्वी कायद्याचे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. तेव्हा या दिवसाला स्वतःचे असे कोणतेही पावित्र्य नाही. परंतु तारीख मानवनिर्मित आहे, म्हणून त्या तारखेला दिलेला शब्दही पोकळ आहे, असे ठरत नाही. विवाहाचा मुहूर्त माणूसच काढतो. त्या मुहूर्तावर पडलेले बंधन मात्र आयुष्यभराचे असते.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षाची शेवटची रात्र अनेक ठिकाणी उपासनामंदिरात जाते. संध्याकाळपासून कोणी बाके पुसतो, कोणी सतरंज्या अंथरतो, कोणी चहाचे आधण ठेवतो. उपासनेत सरत्या वर्षाचा आढावा घेतला जातो: मंडळीत कोण जन्मले, कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणाला मूठमाती दिली. काही जण उभे राहून साक्ष देतात. आजारातून उठलेला माणूस बोलतो, नोकरी गेलेला बोलतो, आणि ज्याला बोलता येत नाही तो नुसताच उभा राहतो. मध्यरात्री घंटा वाजते, हात हातात घेतले जातात, गीत सुरू होते. ते गीत पुष्कळदा नारायण वामन टिळकांचे असते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी मंडळीच्या उपासनेला मराठी भक्तीचा सूर दिला. दुसऱ्या दिवसापासून मंडळीचे नेहमीचे काम चालू होते: आजाऱ्यांच्या भेटी, विधवांची विचारपूस, मुलांची फी, परक्या गावाहून आलेल्याची सोय. या साऱ्याला मंडळीत एकच शब्द आहे, सेवा.

हा शब्द सोपा वाटतो, आणि तेथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. नव्या वर्षी सेवेचा शब्द देणारा माणूस नेमके काय देत असतो? आपली शक्ती, की आपला अधिकारही? वर्ष सरण्यापूर्वी त्याची शक्तीच सरली, तर त्या शब्दाचे काय होते?

या रात्रीची परंपरा पाहिली की प्रश्नाला धार येते. वर्षाच्या संधिकालात जागरण करण्याची रीत जर्मनीतील हेर्नहूट येथील मोराव्हियन बंधुसमाजात 1733 पासून आढळते. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीत ती आली ती 1740 नंतरच्या थोड्याच वर्षांत, ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणकामगारांमुळे. पूर्वी जी रात्र हे लोक गुत्त्यात घालवीत, ती त्यांनी प्रार्थनेत घालवण्यास आरंभ केला. वेस्लीने ती प्रथा उचलून धरली. ही जागरणे महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी ठेवली जात, कारण लांबून पायी येणाऱ्यांना परत जाताना चांदणे हवे असे. या लहानशा व्यवस्थेत सामुदायिक जीवनाचे एक मोठे तत्त्व आहे. उपासनेची वेळ ठरवताना सर्वांत दूर राहणाऱ्याच्या पायांखालची वाट आधी पाहिली गेली.

11 ऑगस्ट 1755 रोजी लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथे वेस्लीने पहिली कराराची उपासना घेतली. कराराचा मजकूर वाचून झाल्यावर सुमारे 1800 माणसे संमतीदर्शक म्हणून उभी राहिली, अशी नोंद त्याने रोजनिशीत केली आहे. पुढे ही उपासना वर्षारंभाशी जोडली गेली. तिचा मजकूर वेस्लीने स्वतः रचलेला नव्हता. रिचर्ड ॲलीन या प्युरिटन धर्मोपदेशकाच्या ग्रंथातून त्याने तो घेतला होता. ॲलीन हा 1662 च्या धर्मैक्याच्या कायद्यामुळे ज्यांची पदे गेली अशांपैकी एक. ज्याचे पुळपीट हिरावून घेण्यात आले होते, त्याच्या लेखणीतून हा करार पुढे आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

संकल्प आणि करार यांतील भेद येथे स्पष्ट होतो. नववर्षाचा संकल्प माणूस स्वतःशी करतो. पहाटे उठेन, सिगारेट सोडीन, रोज दोन पाने वाचीन. तो मोडला तर माफ करणाराही तोच असतो, म्हणून फेब्रुवारी येईपर्यंत वादी आणि न्यायाधीश यांची तडजोड झालेली असते. करार दुसऱ्याच्या साक्षीने होतो. शेजारी उभा असलेला माणूस आपला शब्द ऐकतो आणि आपण त्याचा. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याने हात द्यावा, हे त्या ऐकण्यातच गृहीत असते. देवावर श्रद्धा नसलेल्यालाही यातील नैतिक रचना मान्य होण्यासारखी आहे. माणसाचा निश्चय दुर्बळ असतो. अनेकांनी मिळून धरलेला निश्चय त्या दुर्बळतेला आधार देतो.

परंतु या कराराचे खरे कठीण कलम वेगळे आहे. विसाव्या शतकात रूढ झालेल्या त्याच्या रूपात भक्त देवाला सांगतो की, मला कामाला लावलेस तरी मान्य आणि बाजूला ठेवलेस तरी मान्य. पहिला अर्धा भाग उत्साही माणसाला सहज उच्चारता येतो. दुसऱ्या अर्ध्याशी मात्र जीभ अडते. सेवा करणाऱ्याला कष्टांचे भय नसते. त्याला भय असते ते आपल्यावाचून काम चालेल याचे. वीस वर्षे मंडळीची अर्पणे मोजणारा गृहस्थ, रविवारची शाळा चालवणाऱ्या बाई, प्रत्येक मर्तिकाला आधी पोहोचणारे वडील, यांच्या सेवेत हळूहळू एक मालकी शिरते. किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ आली की ती मालकी उघडी पडते. सेवेने अहंकार झिजतो असा समज आहे. पुष्कळदा सेवेच्याच आडोशाला अहंकार सुखाने राहतो. कराराचे हे कलम त्या आडोशावर बोट ठेवते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जसे ठेवशील तसा राहीन, हे वाक्य कोण कोणापुढे म्हणतो? समर्थाने म्हटले तर ते निरहंकार असेल. ज्याला पिढ्यान्पिढ्या बाजूलाच ठेवले गेले, त्याच्याकडून तेच वदवून घेतले तर तो छळ होतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांच्या दृष्टीने 1 जानेवारी हा वर्षाचा सर्वांत भयंकर दिवस होता. त्या दिवशी गुलामांना वर्षाच्या बोलीने दुसऱ्या मालकांकडे कामाला दिले जाई. काहींची विक्री होई. हॅरिएट जेकब्ज या स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रीने 1861 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात या नववर्षदिनाला एक प्रकरण दिले आहे. सकाळी आपली मुले हिरावली जातील या भयाने रात्रभर त्यांच्याकडे पाहत बसलेली आई त्यात भेटते. तेही जागरणच होते. मग 31 डिसेंबर 1862 ची रात्र आली. लिंकनची मुक्तीची घोषणा दुसऱ्या दिवशी अमलात यायची होती, आणि कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या ठिकठिकाणी जमून मध्यरात्रीची वाट पाहत होत्या. ती घोषणा बंडखोर राज्यांपुरतीच होती. गुलामगिरी देशभर कायद्याने नष्ट होण्यास डिसेंबर 1865 मधील तेरावी घटनादुरुस्ती यावी लागली. तरीही त्या रात्रीने वर्षाच्या पहिल्या दिवसाचा अर्थ पालटला. जो दिवस माणसाला दुसऱ्याच्या कामाला जुंपण्याचा होता, तो माणूस स्वतःचा होण्याचा दिवस झाला. आफ्रिकन-अमेरिकन चर्चमध्ये वर्षअखेरीचे हे जागरण आजही त्या स्मृतीसह पाळले जाते.

हा आक्षेप महाराष्ट्राला परका नाही. सेवा हा शब्द मराठीत जितका भक्तीचा आहे तितकाच वेठीचा आहे. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून चालले. तेथे जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती मंडळीत आले, ते प्रामुख्याने महार आणि मांग समाजातील होते. सांगावे पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, मृत्यूची वार्ता गावोगाव नेणे, सरकारी माणसामागे धावणे ही महाराच्या वाट्याला जन्माने आलेली कामे होती, आणि त्यांनाही सेवा असेच गोड नाव देता येत असे. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये झाला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना सेवा नाकारण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या नातवंडांना उपासनामंदिरात सेवेचा करार करा असे सांगताना या शब्दाचा इतिहास विसरून चालत नाही. मंडळीत जात पुरती मेली आहे असेही नाही. सोयरिकीत ती दिसते, आणि तामिळनाडूतील काही ठिकाणी तर दफनभूमीतही तिने भिंती घातल्या.

मग करार टाकून द्यावा काय? तसे केले तर शब्दाबरोबर त्याचा सत्यांशही जाईल. आक्षेपातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. करार फक्त स्वतंत्र माणूसच करू शकतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला नैतिक मोल नसते. म्हणून मंडळीने कोणाकडून सेवेची अपेक्षा करण्यापूर्वी त्याला स्वतःचा होकार देता येईल अशा जागी उभे करणे, हे तिचे आद्य कर्तव्य ठरते. शाळा काढणे, वेठीतून सोडवणे, एका बाकावर बसवणे, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणे ही कामे सेवेची पूर्वअट आहेत. आणि बाजूला राहण्याचे कलम प्रथम कोणी उच्चारावे, याचेही उत्तर त्यातच आहे. ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत त्यांनी.

योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग बहुधा नम्रतेचा पाठ म्हणून सांगितला जातो. त्यातील पेत्राच्या अडचणीकडे तितके लक्ष जात नाही. गुरूचे पाय धुण्यास तो एका पायावर तयार झाला असता. आपले पाय पुढे करणे मात्र त्याला असह्य होते. सेवा देण्यात मान वर राहते. सेवा घेताना ती खाली जाते. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्राला सांगितले जाते की, म्हातारपणी दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल. त्या वचनाचा रोख पेत्राच्या हौतात्म्याकडे आहे. परंतु वृद्धत्व ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्यात साधे मानवी सत्यही ऐकू येते.

मंडळीची कसोटी येथे लागते. वर्षानुवर्षे चहाचे आधण ठेवणारी एखादी वृद्धा यंदा अंथरुणाला खिळलेली असते. तिच्या घरी भेटीला गेलेली माणसे तिला लाभार्थी मानतात की करारातील भागीदार? पहिल्या दृष्टीने ती आता निरुपयोगी आहे आणि मंडळी तिच्यावर दया करते आहे. दुसऱ्या दृष्टीने तिने आपल्या शब्दाचा पहिला अर्धा भाग पाळून झाला आहे आणि ती आता दुसरा, अधिक अवघड भाग पाळते आहे. दोन्ही वेळा दूध तेवढेच पोहोचते, औषध तेवढेच पोहोचते. परंतु पहिल्या भेटीत तिचे नाव मंडळीच्या कामातून पुसले जाते, दुसऱ्या भेटीत ते राहते. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरत नाही, हे तत्त्व ग्रंथांत पुष्कळ ठिकाणी आढळते. मात्र अंथरुणाजवळ बसलेल्या पाहुण्याने पंधरा मिनिटांत दोनदा घड्याळ पाहिले की नाही, यावरून ते तत्त्व त्या घरात खरे किंवा खोटे ठरते.

म्हणूनच वर्षाच्या पहिल्या दिवसाचा करार एकट्याने करून भागत नाही. बाजूला ठेवलेस तरी चालेल, असे माणूस निर्भयपणे तेव्हाच म्हणू शकतो, जेव्हा बाजूला पडलेल्याला विसरणार नाही असा शब्द त्याच्या शेजाऱ्याने त्याच क्षणी दिलेला असतो. एका बाजूला त्याग आणि दुसऱ्या बाजूला आठवण, या दोहोंच्या आधारावर ते वाक्य उभे राहते. आठवण काढून घेतली की त्यागाची वेठ होते.

मध्यरात्रीची घंटा वाजून गेल्यावर मंदिरात थोडा वेळ गडबड असते. लहान मुले पेंगुळलेली असतात, कप गोळा होतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात. किंग्जवुडच्या कामगारांना चांदण्यात घरी जायचे असे. आज कोणाची मोटारसायकल असते, कोणाची रिक्षा. दाराशी उभे राहून कोणीतरी विचारतो, आजी या वेळी आल्या नाहीत, त्यांच्याकडे सकाळी कोण जाणार? त्या प्रश्नाला एखादे नाव उत्तरादाखल पुढे येते, आणि नव्या वर्षाचा करार अमलात येतो.