चौकटीत न मावणारे भोवरे

संगणकात समुद्राचे गणित मांडायचे, तर आधी समुद्राचे तुकडे पाडावे लागतात. 1990च्या सुमारास जागतिक हवामानाच्या मॉडेलमधला एकेक तुकडा, म्हणजे चौकट, शंभर किलोमीटरहून रुंद असे. समुद्रातले बहुतेक भोवरे त्याहून लहान, म्हणजे मॉडेलला ते दिसतच नसत. तुकड्याची बाजू निम्मी केली तर तुकडे चौपट होतात, हिशेबातली वेळेची पावलेही निम्म्या लांबीची करावी लागतात आणि हिशेब आठपट होतो. भोवरे दिसले नाहीत तरी त्यांचे काम कुठेतरी धरायलाच हवे. म्हणून ते उष्णता आणि क्षार आडवे पसरवतात, असे धरून चालत.

इथे खरी अडचण होती. समान घनतेचे थर सगळीकडे आडवे नसतात; ध्रुवांकडे ते तिरपे होत पृष्ठभागाशी येतात. भोवरा पाणी नेतो ते बव्हंशी थराथरानेच. मॉडेलमधले आडवे मिश्रण मात्र थर भेदून जाई आणि नको तिथे जड-हलके पाणी एक करी.

याचा फटका अभिसरणाला, म्हणजे जड पाणी खाली बुडण्याला, बसला. हिवाळ्यात कॅनडाकडून येणाऱ्या गार वाऱ्यांनी लॅब्राडोर समुद्राचे वरचे पाणी जड होते आणि कडक हिवाळ्यात दोन किलोमीटरपर्यंत बुडते. बुडणारे झोत जेमतेम किलोमीटरभर रुंद, तेही चौकटीत मावत नाहीत. म्हणून मॉडेलमध्ये साधा नियम असे: वर जड, खाली हलके दिसले की दोन्ही थर घुसळून टाका. भोवऱ्यांचा हिशेब चुकल्यामुळे हा नियम भलत्याच ठिकाणी लागू होई आणि पाणी जिथे बुडत नाही तिथेही बुडे.

1990मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरचे समुद्रशास्त्रज्ञ पीटर जेंट आणि जेम्स मॅकविलियम्स यांनी भोवऱ्याचे काम नेमके ओळखले. तिरप्या थरांत ऊर्जा साठलेली असते; भोवरे त्या ऊर्जेवर जगतात आणि थरांचा उतार कमी करत जातात, पण पाण्याची घनता बदलत नाहीत. एवढेच त्यांनी समीकरणात उतरवले. 1994मध्ये सहकाऱ्यासह त्यांनी ते जागतिक मॉडेलमध्ये चालवून पाहिले, तेव्हा खोल अभिसरण लॅब्राडोर, ग्रीनलँडजवळचा समुद्र, अंटार्क्टिकाजवळचे वेडेल आणि रॉस समुद्र अशा मोजक्या जागीच उरले, म्हणजे जिथे असायला हवे तिथेच. तेही चौकट बारीक न करता! भोवरा काढून दाखवण्यापेक्षा त्याचे काम समजून घेणे मोठे, हे मला यातूनच पटले.

आज दहा किलोमीटरची चौकटही वापरात आहे. लॅब्राडोरचे लहान भोवरे तीतूनही निसटतात, आणि जेंट-मॅकविलियम्स यांचे समीकरण आजही अनेक हवामान-मॉडेलमध्ये चालू आहे.