न पाहिलेल्या खडकाचं ज्ञान

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याचा भूशास्त्रीय नकाशा उघडला, की बेसाल्टचे सलग रंगपट्टे दिसतात. जमिनीवर मात्र शेतं, गावं आणि काळी माती असते. खडक उघडा पडतो तो ओढ्याकाठी, विहिरीत, घाटाच्या कापात. सर्वेक्षक तेवढाच पाहतो, थरांचा कल मोजतो आणि उरलेलं अनुमानाने भरतो. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्रज्ञांची, हीच रीत, आणि मी तिला खरं ज्ञान मानतो.

प्रत्यक्षालाच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप असा, की धूर तिथे अग्नी हा नियम सर्वत्र कुणीच पडताळलेला नसतो. मग अनुमान म्हणजे जुळून आलेला अंदाजच. आक्षेप गंभीर आहे. कोयनेत १९६७च्या भूकंपानंतर अनेक दशकांनी तीन किलोमीटर खोल वेधन झालं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपून थेट प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. नकाशावरच्या रंगातून एवढं कळलं नसतं. पण वेधनाची जागा ठरली तीही भूशास्त्रीय आणि भूकंपीय अनुमानांवरूनच! शिवाय चांगला नकाशा आपली शंका लपवत नाही: सीमा प्रत्यक्ष दिसली तिथे अखंड रेषा, तर्काने ओढली तिथे तुटक. अशा नकाशावरून ठरवलेली विहिरीची जागा तुटक रेषेजवळ येत असेल, तर तिथे जाऊन खडक तपासणं मला नैतिक बंधन वाटतं, कारण कोरड्या विहिरीचं कर्ज शेतकऱ्याच्या माथी बसतं.